सगळं शामिल

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाची गोष्ट. उज्जैनच्या राम घाटावर गुरुजींनी माझ्या बोटात दर्भाची अंगठी घातली, ओंजळीत पाणी दिलं, पहिला मंत्र म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, "पंडितजी, एक मिनट. इसमें शामिल क्या-क्या है?"

आवाज भाऊसाहेब पोतनीसांचा होता. ते आमचे शेजारी. अशा कामाला मला एकट्यानं जायला लागू नये म्हणून सकाळी सहाला स्कूटर काढून माझ्याबरोबर आले होते. आता ते पायरीवर बसून बोटांवर मोजत होते: तीळ शामिल? जव शामिल? पिंडाचं पीठ तुमचं की आमचं? गाईचा घास तुम्ही घालणार, की गाय आम्हीच शोधायची? मी ओंजळीतलं पाणी सांभाळत बसलो होतो. वडीलही वर कुठेतरी ताटकळले असणार. पण गुरुजी पिढीजात घाटावरचे, असल्या गिऱ्हाइकांना पुरून उरलेले. ते शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, मोक्ष शामिल है. नारियल अलग से."

"बढिया," भाऊसाहेब म्हणाले. "साफ बोलले. करा सुरू."

मी मूळचा अकोल्याचा. बँकेच्या बदलीनं उज्जैनला आलो, नानाखेड्याच्या कॉलनीत घर घेतलं, निवृत्त झालो आणि इथलाच होऊन बसलो. भाऊसाहेब मात्र इथले सात पिढ्यांचे. पोतनीस म्हणजे दरबारच्या खजिन्यावरचा माणूस. "आमच्या खापरपणजोबांना विचारल्याशिवाय खजिन्यातून सुतळीसुद्धा निघत नव्हती," असं ते सांगतात. खजिन्यात सुतळी कशाला ठेवत असतील हे मी अजून विचारलेलं नाही. खुद्द भाऊसाहेबांनी वीज खात्याच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून चौतीस वर्षं काढली. ट्रक यायचा, खोकं उघडायचं, कागदावर लिहिलेलं आणि आत निघालेलं जुळतं का ते बघायचं. "खोक्यावर एक आणि खोक्यात दुसरं, हे मी जिंदगीभर बघितलं न," ते म्हणतात. "म्हणून आधी विचारून घेतो. विचारायला काय लागतं?"

त्यांना काही लागत नाही. लागतं ते बरोबर असलेल्या माणसाला. दाताच्या डॉक्टरला त्यांनी तोंड उघडायच्या आधी विचारलं होतं, "भूल शामिल आहे, की हिंमत घरून आणायची?" आमच्या बस स्टँडवर इंदूरच्या गाडीचा कंडक्टर "एसी, एसी" म्हणून ओरडत असतो. त्याला विचारलं, "एसी शामिल है, समझ गया. चालू करना शामिल है?" तेव्हापासून भाऊसाहेब दिसले की तो नुसतं "इंदूर, इंदूर" ओरडतो.

कंजूष म्हणावं तर तसंही नाही. पैसे देताना त्यांचा हात आखडत नाही. देतो त्याचं माप पुरं मिळालं पाहिजे, एवढंच म्हणणं. भैरवगढला आम्ही छापाच्या चादरी घ्यायला गेलो होतो. सगळे विचारतात तसं 'रंग पक्का आहे का' असं यांनी विचारलंच नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, चादरीचं टोक भिजवलं आणि दुकानदाराच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर दाबून धरलं. गादी पांढरी राहिली म्हणून आम्ही धडपणे बाहेर आलो. मग एकदम बारा चादरी घेतल्या, भाव न करता.

दोन माणसांच्या घरात बारा चादरी कशाला, असं उज्जैनबाहेरचा माणूसच विचारेल. उज्जैनमध्ये स्वतःचं घर असलेल्या मराठी माणसाला नातेवाईक किती, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. ते श्रावणात येतात, शिवरात्रीला येतात, सोमवार बघून येतात, जोडून सुट्टी आली की येतात. भस्म आरतीचा पास मिळाला असेल तर मध्यरात्री उठून चहा मागतात. पुण्याच्या आतेबहिणीच्या जावेचा भाऊ सहकुटुंब येऊन राहून गेला, त्याचं नाव भाऊसाहेबांना तो गेल्यावर कळलं. पण त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे: महाकालाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला आपल्या तोंडून 'नाही' जाता कामा नये. त्यामुळे फोन आला की यांचं उत्तर ठरलेलं, "या, या, अवश्य या! घर आपलंच आहे. किती जण?"

आणि हे 'या, या' निभावायचं कुसुमवहिनींनी.

कुसुमवहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. बुटक्या, किडकिडीत, पदर कायम खोचलेला. मी त्यांच्याकडे कधीही गेलो तरी त्या उभ्याच असतात. अठरा वर्षांत मी त्यांना नीट बसलेलं एकदाच बघितलं, पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा, आणि तेव्हाही मांडीवर मटारांची परात होती. लग्नानंतर दोघं पचमढीला गेले होते. तिथून तिसऱ्या दिवशी परत आले, कारण घरी पाहुणे येऊन बसले होते. त्याला अडतीस वर्षं झाली. त्यानंतर ही दोघं मिळून कुठेही गेलेली नाहीत.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एक बाई दर्शनाला आल्या होत्या. पंगतीत मीही होतो. त्या पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगत होत्या की मुंबईहून मोठ्या बोटीनं लक्षद्वीपला जाऊन आलो, खाणंपिणं, खोली, करमणूक, सगळं त्यातच. "पाच दिवस मी चमचासुद्धा विसळला नाही हो!"

वहिनी उलथण्यावर गरम पोळी घेऊन दारात उभ्या होत्या. "अगोबाई," त्या म्हणाल्या, "मग दिवसभर करायचं तरी काय?"

सगळे हसले. मीही हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि त्या बाईंना विचारलं, "सगळं म्हणजे? शामिल काय काय आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली. पहिल्या पानावर वर 'श्री', त्याखाली 'जहाज', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. "जोशीजी, या वर्षी कुसुमला बोटीनं न्यायचं," त्यांनी मला जाहीर केलं. "पण ठगून नाही घ्यायचं. पुरा मोबदला पाहिजे."

फ्रीगंजमध्ये एक ट्रॅव्हल ऑफिस आहे. तिथल्या जैन मॅडमना त्या दिवसापासून पुढचे सात महिने जे सोसावं लागलं त्याचा मी साक्षीदार आहे, कारण भाऊसाहेब मला दर वेळी बरोबर नेत. "दोन माणसं समोर बसली की समोरचा दोनदा विचार करून बोलतो," असा त्यांचा हिशोब. मॅडमनी पहिल्या भेटीत पाणी दिलं, दुसऱ्या भेटीत चहा, आणि पाचव्या भेटीनंतर आम्ही दिसलो की त्या स्वतःसाठी डोकेदुखीची गोळी काढून ठेवू लागल्या.

त्यांनी आधी खोल्यांचे प्रकार सांगितले. बिनखिडकीची स्वस्त, खिडकीची महाग, बाल्कनीची फारच महाग.

"मैडम, समुंदर तो एक ही है न?"

"जी अंकल."

"और ऊपर डेक पर जाके देखो तो फ्री है?"

"जी, बिलकुल फ्री."

"फिर कमरे में बैठके उसी समुंदर के पैसे कौन देगा?" मग माझ्याकडे वळून, "झोपताना डोळे बंदच असतात न, जोशीजी? खिडकी कोण बघून राहिलं?"

मॅडमनी बिनखिडकीच्या खोलीवर खूण केली. खरं सांगायचं तर मीही तीच केली असती.

बोट कुठे कमी हलते हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. खालच्या मजल्यावर, अगदी मधोमध. वहीत बोटीचं चित्र काढून तिथं फुली मारली. ते चित्र पितळी घंगाळासारखं आलं होतं, पण फुली बरोबर होती. जाहिरातीत मोठ्या अक्षरात एक आकडा असतो आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात बंदराचा कर, टॅक्स, वेटरची बक्षिसी असं वेगळंच असतं, हे त्यांनी भिंग लावून पकडलं. जैन मॅडमनी कौतुकानं सांगितलं की इतक्या वर्षांत त्यांच्याकडे भिंग घेऊन आलेले हे पहिलेच. शाळांच्या परीक्षा चालू असतात तेव्हा बोटी अर्ध्या रिकाम्या जातात आणि भाडं उतरतं, हेही त्यांनीच ताडलं. होळीनंतरचा आठवडा मुक्रर झाला.

काही मागण्या मात्र मॅडमना मंजूर करता आल्या नाहीत. दारूचं पॅकेज बघून भाऊसाहेब म्हणाले, "हम पीते नहीं. जितनी नहीं पिएंगे, उतना कम कीजिए." वहिनींचं वजन बेचाळीस किलो आहे, त्याचा भाड्यात काही विचार होईल का, हेही विचारून झालं.

मग एक दिवस त्यांना तो शोध लागला. एका खोलीत चार माणसं राहिली तर तिसऱ्या आणि चौथ्याला भाडं अगदी नाममात्र.

"जोशीजी," ते मला म्हणाले, "तुम्ही आणि नलिनीवहिनी. आणि आम्ही. एक कमरा."

"चौघं? एका खोलीत?"

"दोन पलंग छतातून खाली येतात. कुसुम आणि नलिनीवहिनी खाली. आपण दोघं वर."

माझं वय एकसष्ट. माझे गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत. मी तसं सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले की ट्रायल घेतल्याशिवाय माल नाकारायचा नसतो. त्यांच्या घरात कोठीच्या खोलीत एक माळा आहे, पाहुण्यांच्या गाद्या ठेवायचा. त्यांनी मोजमाप घेतलं. बोटीवरचा वरचा पलंग आणि हा माळा, उंची साधारण सारखी. मग रविवारी सकाळी त्यांनी शिडी लावली आणि मला वर चढवलं.

चढलो मी बऱ्यापैकी. आडवाही झालो. नाकासमोर चार बोटांवर छत होतं. "करवट घ्या," खालून हुकूम आला. मी कूस बदलली, माझ्याबरोबर तीन गाद्यांनीही बदलली, आणि पहिली गादी भाऊसाहेबांच्या डोक्यावर गेली. दुसरी शिडीवर. शिडी गेली. मी माळ्यावर, भाऊसाहेब गादीखाली, आणि दोघंही एकमेकांना "हलू नका" म्हणून ओरडतोय. कुसुमवहिनी धावत आल्या. त्यांनी एका हातानं शिडी लावली, दुसऱ्या हातानं मला आधार दिला, नवऱ्याला गादीखालून काढलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

माझ्या बायकोला, नलिनीला, हे कळल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली की, खोलीतल्या चौघांपैकी एकजण त्या बोटीवर चढणार नाही, आणि ती एकजण कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. चौघांचा बेत तिथं संपला.

इथपर्यंत सगळं भाऊसाहेबांच्या स्वभावाला धरून होतं. त्यानंतर मात्र त्यांच्या प्रश्नांना काहीतरी झालं. मॅडमनी एक फार स्वस्त बोट काढली. खोली तीच, दिवस तेवढेच, जेवण भरपूर, पण बुफे. आपण उठायचं, आपण वाढून घ्यायचं.

"नको," भाऊसाहेब म्हणाले. "बसलेल्या जागी आणून वाढणारी बोट दाखवा."

"अंकल, वो महँगी पड़ेगी."

"पड़ने दो."

मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झालो. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि महागडी बोट दाखवली. भाऊसाहेब भिंगाशिवाय वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. "कमरे में चाय की केतली?"

"जी, केतली शामिल है!" मॅडम खुशीत म्हणाल्या. सात महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच एक वस्तू फुकट देता येत होती.

"निकलवाने का कितना लगेगा?"

"जी?"

"केतली नहीं चाहिए. निकलवा दीजिए. कप भी."

जो माणूस खणाबरोबर सुपारी शामिल आहे का ते विचारतो, तो भाड्यात मिळणारी किटली पैसे देऊन काढून टाकायला निघाला होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर रस्त्याकडे बघितलं. उन्हात फिरणं कमी करायला हवं, असं मी येताना त्यांना सुचवलंही.

शेवटी बुकिंग झालं. ऐनवेळी रद्द केलं तर छदाम परत मिळणार नाही, या अटीवर आणखी सूट होती, तीही त्यांनी घेतली. कुसुमवहिनींनी नवीन चपला आणल्या. मला दाखवताना त्या उभ्याच होत्या, पण उभ्या उभ्या हसत होत्या. "चार दिवस काय करतील हो माणसं तिथं?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना ती खरोखरीची काळजी होती.

निघायला नऊ दिवस राहिले असताना भाऊसाहेब दुपारी आमच्याकडे आले. दारात चपला काढल्या, सोफ्यावर बसले, आणि काहीच विचारलं नाही. हे इतकं विचित्र होतं की नलिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"फोन आला होता. नाशिकहून. कुसुमच्या दादाचा." ते थांबले. "दर्शनाला येऊन राहिले. अकरा जण. त्याच तारखांना."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"निघून गेलं हो तोंडातून," ते म्हणाले. "या, या, अवश्य या. घर आपलंच आहे. किती जण? फोन ठेवला, मग कॅलेंडर दिसलं. ती समोरच उभी होती. तिनं तारीख बघितली, चपला खोक्यात घातल्या, खोकं कपाटावर ठेवलं आणि भाजणी भाजायला घेतली. मला म्हणते, दादाला थालीपीठ आवडतं."

"परत फोन करा. सांगा, आम्ही नाही."

"दर्शनाला निघालेल्याला? आणि तिच्या माहेरच्याला? ती करू देईल? आणि मीच कोणत्या तोंडानं करू?"

"पण भाऊसाहेब, पैसे परत मिळणार नाहीत ना?" मी म्हटलं. मला वाटलं, त्यांना सलत असणार ते हेच.

"ते जाऊ द्या न!" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "जोशीजी, किटली का नको म्हणालो, कळलं तुम्हाला? खोलीत किटली दिसली की ती पाणी ठेवणार. मग शेजारच्या खोलीचं दार वाजवणार, तुम्ही चहा घेणार न? घरात मी तिला बस म्हणतो, तर बसते आणि बसल्या बसल्या लसूण सोलते. हरिद्वारला नेली असती तर धर्मशाळेत कोणाची तरी भांडी घासली असती हिनं. म्हणून अशी जागा बघत होतो जिथं हिचं काही चालणारच नाही. ओटा नाही. घंटी वाजणार नाही. चारी बाजूंनी पाणी."

नलिनी दारातच थांबली होती.

"अडतीस वर्षं मी तव्यावरची पोळी खाल्ली," भाऊसाहेब म्हणाले. "हिनं कधी गरम खाल्ली ते मला आठवून नाही राहिलं. खूप आठवलं. एकसुद्धा नाही. एकदा तिला पहिल्या पंगतीत बसलेली बघायची होती मला. बस. बाकी खिडकी, टॅक्स, शामिल, सगळं त्याच्यापायीच चाललं होतं. आणि मीच बोलून घालवलं."

मला माझी फार लाज वाटली. सात महिने मी या माणसाच्या मागे बसून गालात हसत होतो. घरी येऊन नलिनीला नकला करून दाखवत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी पंखा वाढवायला उठलो.

"अकरा जण ना?" नलिनी म्हणाली. "आमच्याकडे उतरतील."

मी पंख्याचं बटण तसंच धरून राहिलो.

"महाकालाच्या माणसाला दार उघडं मिळालं पाहिजे, एवढाच नियम आहे ना तुमचा?" ती म्हणाली. "दार कोणाचं ते कुठे ठरलंय? चादरी आणि गाद्या द्या पाठवून. वहिनींच्या दादांशी मी बोलते."

ती तिथल्या तिथं, भाऊसाहेबांच्या फोनवरून, स्पीकर लावून बोलली. दादांना तिनं सरळ सांगितलं की तुमची बहीण अडतीस वर्षांनी घराबाहेर पडते आहे. ते म्हणाले, "कुसुम? बोटीवर? आमची कुसुम?" आणि मग, "तिला म्हणावं, नाही गेलीस तर मी महाकालाचं दर्शन न घेता परत जाईन." ही धमकी लागू पडली. वहिनींनी खोकं पुन्हा खाली काढलं. जायच्या दिवशी तीन डबे, भाजणी आणि दोन पानी सूचना आमच्याकडे पोचवल्या: दादाला कारलं तुपात, भाचीला साय काढून दूध, वहिनीला चहात आलं नको. रिक्षात बसतानाही त्या मागे वळून "हिंग संपत आलाय" असं सांगत होत्या. भाऊसाहेबांनी रिक्षावाल्याला फक्त "चलो भिया, जल्दी" म्हटलं. भाडं काय, सामान शामिल आहे का, काहीही नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात कसे गेले ते थोडक्यात सांगतो. अकरा माणसांसाठी सकाळी किती पोहे भिजवायचे असतात, हे मला आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. मी कांदे चिरले, बाथरूमची रांग लावली, दोन आजींना ई-रिक्षात बसवलं आणि उतरवलं, आणि एका सद्‌गृहस्थांना गरम पाणी संपल्याचं तीनदा समजावून सांगितलं. अकरातलं एकही माणूस वाईट नव्हतं. फक्त ती अकरा होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर नलिनी ओट्याशी उभ्या उभ्याच खात होती. मी तिला स्टूल दिलं. तिनं माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला. बोट गोव्याला लागली होती आणि तिथं फोनला रेंज होती. बोलत होत्या कुसुमवहिनी. मागे ताटल्यांचा आवाज येत होता.

दादा आला का, पोचले का, कारलं केलं का, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यांना जरा समजावून सांगा न."

"का? काय झालं?"

"अहो, इथं वाढायला माणूस आहे, कोट-बिट घातलेला, फार भला आहे. पण तो चार पोळ्या एकदम आणून ठेवतो. हे म्हणतात, एकेक आणा. त्याला ते जमत नाही. मग हे स्वतः उठतात. पार तिकडे, जिथं भाजतात तिथं जाऊन उभे राहतात, एक पोळी घेतात, रुमालात धरून पळत येतात, माझ्या ताटात टाकतात, की परत चालले. सगळा हॉल बघतो हो! मी उठायला गेले तर माझ्यावर डोळे वटारतात. काल रात्री तसंच, आता तसंच. स्वतः नंतर गार खातात, काय उरलं असेल ते. एवढे पैसे भरले आणि एकदासुद्धा धड बसून जेवले नाहीत. तुमचं ऐकतील ते. सांगा न त्यांना."

"कुठे आहेत ते आत्ता?"

"ते काय, येऊन राहिले. पळतायत." त्यांचा आवाज हसण्यात आणि रडण्यात कुठेतरी अडकला होता. "देऊ का फोन?"

"नको वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही आधी जेवून घ्या. गार होतंय."